चौकातली वाळू

हबीबगंज स्थानकाचे नाव नोव्हेंबर 2021 मध्ये राणी कमलापती झाले. भोपाळच्या त्या वस्तीचे नाव मात्र लोकांच्या जिभेवर जुनेच आहे. तेथे एका बांधकामापाशी नर्मदेच्या वाळूचा ढीग पडला होता आणि चारएक वर्षांचा एक मराठी मुलगा कोपरापर्यंत हात खुपसून त्यात रमला होता. आईने त्याला दंडाला धरून ओढले, “शी, घाण!” म्हणून हात पुसले आणि शिकवणीला नेले. तेथे त्याला म्हणे ‘क’ गिरवायचा होता. त्या मातेवर आमची फिर्याद नाही. फिर्याद आहे ती तिच्या तोंडून बोलणाऱ्या, आपणां सर्वांच्याच समजुतीवर.

भाद्रपद शुद्ध तृतीयेस हीच माउली वाळूचे शिवलिंग घडवून हरतालिका पूजते. रामेश्वरी सीतामाईने वाळूचेच लिंग केले, ही कथा आपण हात जोडून ऐकतो. चंद्रभागेच्या वाळवंटात लोटांगण घालणाऱ्यास कोणी “शी” म्हणत नाही. मग वाळू विटाळते ती केवळ मुलाच्या मुठीत गेल्यावर काय?

आणि ‘क’ म्हणाल, तर पंतोजींच्या शाळेत मुले अक्षर गिरवीत ती धूळपाटीवरच. ‘धुळाक्षरे’ हा शब्द आपल्या भाषेत उगीच आला नाही. धुळीत बोट फिरे, चुकलेले पुसले जाई, आणि चुकीची खूण उरत नसे. आज ज्या पंजात अजून बळ नाही, त्यात आपण पेन्सिल कोंबतो. वाळू उपसताना, दाबताना, चाळताना तोच पंजा आपोआप तयार होतो. कोरड्या वाळूचा किल्ला ढासळतो, पाणी शिंपडले की उभा राहतो, पाणी अधिक झाले की पुन्हा बसतो. कणाकणांत पाण्याचा पातळ पापुद्रा धरून ठेवतो, हे शास्त्र मूल पुढे शिकेल. पण ‘किती’ म्हणजे काय हे त्याला आजच कळते. शेजारचा मुलगा बोगदा खणू लागला की भांडणही होते, तहही होतो. हे अखेरचे शिक्षण आम्हां वकिलांनाही पुरते मिळालेले नाही!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि 1957 पासून ते कोसबाडला नेले. वारली मुलांपुढे त्यांनी महागडी खेळणी मांडली नाहीत. खडे, बिया, पाने, शिंपले हेच साहित्य केले. अमेरिकेत बोस्टनमध्ये 1885 साली मुलांसाठी वाळूचे ढीग टाकले गेले, ते बर्लिनचे पाहून. आपल्याला ते पाहण्यास बर्लिनला जावयाचे नव्हते.

आक्षेप खरेही आहेत. उघड्या वाळूत मांजरे-कुत्री घाण करतात आणि त्यातून जंत होतात. म्हणून रात्री झाकण हवे, वाळू वेळोवेळी बदलावयास हवी, खेळानंतर हात धुवावयास हवेत. दगड भरडून केलेली भुकटी मुळीच नको. तिची धूळ छातीस घातक. नदी ओरबाडली जाते हेही खरे. पण दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दीड फूट खोल खड्ड्यास लागतात 150 घनफूट. एका इमारतीच्या हिशेबात एवढी वाळू कोणी मोजीतही नाही.

कायद्याचा आधार विचाराल, तर तो अपुरा आहे. 2002 च्या घटनादुरुस्तीनंतरचे कलम 45 सहा वर्षांखालील मुलांच्या शिक्षणासाठी राज्याने ‘प्रयत्न करावा’ म्हणते. 2009 चा शिक्षणहक्क कायदा शाळेस क्रीडांगण मागतो, पण त्याचा हक्क सुरू होतो सहाव्या वर्षापासून. चार वर्षांच्या वादीला कोर्टात उभे राहण्यास जागाच नाही.

ती जागा देवळांनी द्यावी. आपली कित्येक आवारे एकेकाळी मातीची होती. आज ती फरशीची झाली आहेत, आणि दुपारी तीवर पायही ठेववत नाही. विश्वस्तांच्या पुढच्या सभेत फरशीचे अंदाजपत्रक येईल, तेव्हा कोणीतरी उठून दहा फुटांचा एक कोपरा मागावा. ठरावाचा मसुदा आम्ही विनाशुल्क लिहून देऊ.