५० टक्के सूट, पण कशावर?

जळगाव-धुळ्यात बँकेच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं 'डेटा सफिशियन्सी'ला घाबरतात. माझं स्पष्ट मत आहे की दोष पोरांचा नाही, शिकवण्याचा आहे. प्रश्न विचारतो 'माहिती पुरेशी आहे का?' आणि आपण शिकवतो 'उत्तर काढा'!

उदाहरण घ्या. शर्टावर सूट किती टक्के?

विधान १: सूट १६० रुपये आहे.
विधान २: विक्रीची किंमत छापील किमतीच्या चार-पंचमांश आहे.

सवयीचा हात लगेच दोन्ही विधानं जोडतो, छापील किंमत ८०० काढतो, त्यावरून २० टक्के काढतो आणि 'दोन्ही विधानं लागतात' यावर खूण करतो. आकडेमोड बरोबर, उत्तर चूक! एकटं विधान २ पुरेसं आहे. पाचातले चार भाग उरले म्हणजे एक गेला. शर्ट ८०० चा असो की ८,००० चा. विधान १ एकटं मात्र कुचकामी, कारण १६० रुपये कशातून गेले तेच कळत नाही.

टक्का म्हणजे गुणोत्तर. टक्के विचारले असतील तर गुणोत्तर पुरतं. रुपये विचारले असतील तर रुपयातला निदान एक तरी आकडा हवाच. एवढं आधी शिकवा ना!

'परीक्षेत विचार करायला वेळ कुठे असतो?' अहो, वेळ नसतो म्हणूनच आकडेमोड टाळायची. न जाहीर केलेलं चल दिसलं की कंपायलर प्रोग्रॅम चालवायच्या आधीच ओरडतो, तसंच हे. जीमॅटवाल्यांनीही २०२३ च्या नव्या स्वरूपात हे प्रश्न गणिताच्या विभागातून काढून 'डेटा इनसाइट्स'मध्ये नेले, ते उगाच नाही.

आता 'याचा जगण्यात उपयोग काय?' म्हणणाऱ्यांसाठी. आखाजीच्या किंवा लग्नाच्या खरेदीला निघालात. जळगावात एक फलक: 'मजुरीवर ५० टक्के सूट'. धुळ्यातला सोनार म्हणतो, सूटबिट काही नाही. स्वस्त कोण? माहिती अपुरी! मूळ मजुरी किती, ते कुणीच सांगितलं नाही. हिशेबापुरतं समजा, सोनं दोन्हीकडे सारखंच, १ लाखाचं. जळगावात मजुरी २० टक्के, निम्मी झाली तरी १०,००० रुपये. धुळ्यात मजुरीच ८ टक्के, म्हणजे ८,०००. जीएसटी धरायच्या आधीच सूटवाला २,००० ने महाग! शिवाय १,२०,००० च्या दागिन्यावर खरी सूट १०,०००, म्हणजे ८ टक्क्यांच्या जरा वर. फलकावर मात्र ५०.

सोन्याचा भाव रोजच्या बाजाराने ठरतो, म्हणून सूट मजुरीवरच दिली जाते. त्यात लबाडी असेलच असं नाही. पण आई-बापाने पै-पै जोडून आणलेला पैसा मोजताना 'कशावर?' हा प्रश्न घरातल्या शिकलेल्या पोराने विचारायला नको का? वर्गात तो विचारायची सवयच लागली नाही, तर दुकानात कुठून सुचणार?

असो. क्लासवाल्या मित्रांनो, एक महिना पेन खाली ठेवून हे प्रश्न शिकवून बघा. पटत नसेल तर भांडायला मी आहेच :)