आळस नव्हे, आजार!

सकाळी सहाला उठून सर्वांचे डबे भरणारी सूनबाई हल्ली गॅससमोर नुसतीच उभी राहते. दूध उतू गेलं तरी हात चटकन पुढे होत नाही. केस विंचरायला अर्धा तास लागतो. बोलणंही संथ, एकसुरी. मग घरात कुजबुज सुरू होते, "अंगात आळस भरलाय, दुसरं काय!"

असं काही आपल्या घरात दिसलं, तर शेरा मारण्यापूर्वी जरा थांबा. नैराश्याचा आजार केवळ रडण्यातून दिसतो असं नाही. चालणं, बोलणं, हातापायांची हालचाल मंदावणं हेही त्याचं एक लक्षण आहे. काहींच्या बाबतीत याउलट घडतं. सारख्या येरझारा, हात चोळत राहणं.

याचा संबंध मेंदूशी आहे. डोक्यावर हेअरबँड बसतो, साधारण त्या जागी मेंदूचे दोन पट्टे शेजारी शेजारी असतात. पुढचा हालचालीचे हुकूम सोडतो, मागचा स्पर्शाच्या खबरा घेतो. १९९५ साली अमेरिकेत भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एमआरआय यंत्रात एक गंमत दिसली. माणूस बोटही न हलवता स्वस्थ पडला असतानासुद्धा डाव्या आणि उजव्या बाजूचे हालचालीचे भाग एकाच लयीत काम करत होते. पुढे हीच पद्धत नैराश्याच्या रुग्णांसाठी वापरली गेली. तेव्हा काही मोठ्या पाहण्यांत हालचाल आणि संवेदनांच्या भागांतला हा मेळ सरासरीने कमी झालेला आढळला.

मात्र म्हणून एमआरआयचा हट्ट धरू नका. नैराश्याचं निदान आजही डॉक्टर रुग्णाशी बोलूनच करतात. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार किंवा पार्किन्सन यांतही माणूस मंदावतो, म्हणून आधी तपासणी करून घ्या.

औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती मनाने बंद करू नयेत. सोबतीला समुपदेशन आणि रोज थोडं चालणं हवं. "उठ, कामाला लाग" म्हणण्याऐवजी "चल, दोघी मिळून भाजी निवडू" असं म्हणून पाहा.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीनुसार आपल्या देशात दर २० प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य गाठतं. तेव्हा यात लपवण्यासारखं काही नाही. "आता जगून काय करू?" असे शब्द कानावर आले, तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो.

ताप आलेल्या सुनेला आपण पांघरूण घालतो. मंदावलेल्या सुनेलाही तीच माया हवी, नाही का?