कुंडीतल्या झाडाला कात्री लावावी की लावू नये?

आपल्या महाविद्यालयातल्या कुंड्यांना वर्षातून दोनदा गेरू लागतो. एकदा स्नेहसंमेलनाच्या आधी आणि एकदा एखादी तपासणी समिती यायची असली म्हणजे. गेरूवर चुन्याची पांढरी किनार ओढली जाते. क्रोटन, डिफेनबेकिया, अरेका पाम, रबर प्लांट अशी मंडळी जिन्यापासून प्राचार्यांच्या दालनापर्यंत शिस्तीत उभी राहतात. पाहुणे 'वा, परिसर छान राखलाय!' असे म्हणून चहाला जातात. त्यानंतर त्या झाडांकडे बघायला कुणालाच सवड नसते. मेच्या सुट्टीत निम्मी वाळतात. उरलेल्यांची जूनमध्ये अशी दशा असते, की खाली हात-दीड हात उघडे खोड आणि वर कशीबशी चार पाने. मग पुढच्या समारंभाला रोपवाटिकेतून पुन्हा नवी झाडे! हा खर्च शेवटी कुणाच्या शुल्कातून होतो, हे कळायला अर्थशास्त्र घ्यावे लागत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की ही झाडे दोन कारणांनी मरतात: पाणी जास्त आणि कात्री कमी. पहिले कारण लोक थोड्याफार कुरकुरीने मान्य करतात. दुसऱ्यावर मात्र हटकून वाद होतो, आणि कला शाखेत तर फारच, कारण आपण पडलो भावनाप्रधान! 'वाढत्या झाडाला कापवते तरी कसे तुला?' हा प्रश्न या वर्षात मला इतक्या जणांनी विचारला (त्यात दोन प्राध्यापकही आले), की हा लेखनप्रपंच करणे भाग पडले.

आधी ही पाहुणेमंडळी कुठली ते पाहू. घरोघरी बाटलीत वाढणारा मनीप्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ नावाच्या चिमुकल्या बेटाचा. भोकाभोकांच्या पानांचा मॉन्स्टेरा दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या जंगलांतला. डिफेनबेकियाही अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला, अरेका पाम मादागास्करचा. रबर प्लांट मात्र आपला, आसाम-मेघालयाकडचा. मेघालयात याच झाडाची हवेत लोंबणारी मुळे पिढ्यान् पिढ्या वळवून, गुंफून ओढ्यांवर जिवंत पूल तयार केलेले आहेत. ज्याच्या मुळांवरून माणसे पावसाळी ओढा ओलांडतात, ते झाड आपण दहा इंची कुंडीत घालतो आणि वर 'हे नीट वाढत का नाही?' म्हणून विचारतो!

सांगायचा मुद्दा असा, की यांपैकी एकही झाड कुंडीसाठी जन्मलेले नाही. मनीप्लांट नि मॉन्स्टेरा हे दोघे मोठ्या झाडांच्या अंगावर चढणारे वेल. मोठ्या वृक्षावर चढलेल्या मनीप्लांटचे पान ज्याने पाहिले असेल, त्याला ते आपल्या टेबलावरच्या वेलाचेच भाऊबंद आहे हे सांगूनही खरे वाटणार नाही. हातभर लांब आणि चिरा पडलेले असते ते. कुंडीत माती मर्यादित, उजेड एकाच बाजूने, चढायला आधार नाही. तेव्हा 'निसर्गाच्या मनाप्रमाणे वाढू द्या' हे वाक्य कुंडीपुरते तरी पोकळ आहे. कुंडीत घातले त्याच दिवशी निसर्गाचे काम आपण आपल्या अंगावर घेतले. त्यातले पाणी तेवढे आपण घालतो आणि बाकीचे विसरतो.

आता कात्रीने नेमके काय होते ते पाहू. विज्ञान शाखेच्या मित्रांनी पुढची ओळ वगळली तरी चालेल. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचा एक संप्रेरक तयार होतो. तो खोडातून खाली उतरत राहतो आणि तो उतरत असेतो पानांच्या बेचक्यांतले डोळे सहसा झोपलेलेच राहतात. शेंडा खुडला तर ते जागे होतात. केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या दोघांनी १९३३ साली घेवड्याच्या जातीतल्या एका रोपावर याचा छान पडताळा घेतला. त्यांनी शेंडा कापला आणि त्या जागी हे द्रव्य लावून पाहिले; शेंडा नसूनही डोळे झोपलेलेच राहिले! अलीकडे २०१४ मध्ये वाटाण्यावरच्या प्रयोगांत असेही दिसले, की शेंडा साखरेचा मोठा वाटा स्वतःकडे ओढत असतो आणि तो गेला की ती साखर खालच्या डोळ्यांच्या वाट्याला येते. एकूण काय, तर वरचा एक जण सगळे खातो आणि खालचे उपाशी राहतात. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना याहून अधिक समजावून सांगायला नको.

खरे तर हे आपल्याकडे नवीन मुळीच नाही. तुळशीच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर तुळस फोफावते, हे आपल्या आज्यांना थिमनच्या आधीपासून माहीत होते. नाशिक-सांगलीकडून आलेल्या मित्रांना तर विचारायलाच नको. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी चुकली, तर वर्ष बुडाले म्हणून समजा. गंमत अशी, की ज्याच्या घरी वर्षातून दोनदा अख्खी बाग छाटली जाते, असा आमच्या वर्गातला एक मित्र वसतिगृहाच्या खोलीतल्या मनीप्लांटचे एक पान तोडू देत नाही. त्याच्या वेलाने खिडकीपासून दारापर्यंत दोरा धरला आहे आणि त्या सबंध दोऱ्यावर पाने किती, तर अकरा!

छाटायचे कसे, यात फार शास्त्र नाही. पण थोडे आहे. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने खोड चेचते आणि चेचलेली जागा कुजते. कात्री स्पिरिटने पुसून घ्यावी, म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागत नाही. काप पेराच्या जरा वर घ्यावा, कारण नवी फूट पेरावरच्या डोळ्यातूनच येते. एका वेळी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक काढू नये. रबर प्लांट आणि क्रोटन कापला की चीक येतो. तो अंगाला खाजतो, कपड्याचा डाग जात नाही, म्हणून ओल्या फडक्याने टिपावा. डिफेनबेकियाच्या बाबतीत तर चेष्टा नको. त्याच्या अंगात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावले तर जीभ-घसा सुजून काही काळ बोलणे बंद होऊ शकते; इंग्रजीत त्याला 'मुके करणारा वेत' अशा अर्थाचे नावच आहे. लहान मुले नि मांजरे असलेल्या घरात तो ठेवू नये हे बरे. (वक्तृत्व स्पर्धेच्या व्यासपीठावर दरवर्षी तोच का मांडतात, हे मला न उलगडलेले कोडे आहे.)

कात्रीच्या बाजूने बोलताना तिला कुठे मज्जाव आहे तेही सांगितले पाहिजे. पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच असतो, अगदी वर. तो कापला तर ते खोड संपले. खालून डोळा वगैरे काही फुटत नाही. आपल्या जिन्याजवळच्या अरेकाचे शेंडे 'उंची सारखी दिसावी' म्हणून कुणीतरी एका ओळीत कापले होते, त्याचे फळ आपण सर्वांनी पाहिलेच. पामची फक्त वाळलेली पाने देठापाशी काढावीत. स्नेक प्लांटचे पान मधून कापले तर ते पुन्हा टोकदार होत नाही, जन्मभर बुटके राहते. काढायचे तर मुळापासून काढावे.

पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या झाडांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि मला स्वतःला तो सर्वांत जास्त विचार करायला लावतो. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, म्हणजे तो भाग स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही; हिरव्याच्या जिवावर जगतो. अशा झाडाला अधूनमधून निखळ हिरवी फांदी फुटते. ती अधिक अन्न बनवते, म्हणून अधिक जोमाने वाढते, आणि वेळीच काढली नाही तर काही काळाने पट्ट्यांचे झाड नाहीसे होऊन तिथे नुसते हिरवे झाड उभे राहते. म्हणजे शोभेचे झाड टिकवायचे तर त्यावरची सर्वांत निरोगी फांदी कापावी लागते! इथे मात्र मला कात्रीचा अभिमान वाटत नाही. आपल्या हौसेसाठी आपण अशक्ताला राखतो आणि सशक्ताला कापतो, हे मान्य करून टाकावे. उगाच झाडाच्या भल्याचे नाव घेऊ नये. माझ्या खिडकीतल्या वेलाची हिरवी फांदी मी गेल्या पावसाळ्यात तशीच ठेवली आहे.

माझ्यावर येणारे आक्षेप मुख्यतः तीन. पहिला जगदीशचंद्र बोस यांच्या नावाने येतो. 'झाडांनाही संवेदना असतात हे बोसांनी सिद्ध केले, आणि तू कापतेस!' बोसांनी क्रेस्कोग्राफ या यंत्राने झाडांची सूक्ष्म वाढ मोजली, झाडे बाहेरच्या आघाताला प्रतिसाद देतात हे दाखवले, हे खरेच आहे. पण प्रतिसाद म्हणजे आपल्यासारखी वेदना असे त्यावरून ठरत नाही. झाडाला ना मज्जातंतू, ना मेंदू. आणि कापण्याने जखम होत असेल, तर रोज तांब्याभर पाणी ओतून मुळे कुजवण्याने काय होते? मुळांनाही हवा लागते. मातीतल्या फटी सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर मुळे गुदमरतात, कुजतात, वर पाने पिवळी पडतात. पिवळी पाने बघून आपल्याला वाटते झाड तहानले, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. यात आपल्या शिपाईमामांना बोल लावू नये. त्यांना 'रोज पाणी घाला' एवढेच सांगितलेले आहे. बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहा आणि कोरडे लागले तरच घाला, असे त्यांना कुणी सांगितले आहे काय? तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, ही समजूत मात्र मला मान्य आहे. कापताना उजेड हवाच.

दुसरा आक्षेप जरा आधुनिक आहे: 'जितकी पाने जास्त तितकी हवा शुद्ध, मग पाने कमी कशाला करायची?' हा समज अमेरिकेच्या नासा संस्थेच्या १९८९ च्या अहवालावरून पसरला. ते प्रयोग लहानशा बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा असे दिसले की इमारतीत नेहमी खेळणाऱ्या हवेशी बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. म्हणजे वर्गात विद्यार्थ्यांना उभे राहायला जागा उरणार नाही! खिडकी उघडणे सोपे. झाड डोळ्यांना बरे वाटते म्हणून ठेवावे. तेवढे कारण मला पुरते.

तिसरा आक्षेप आमच्या एका सरांचा, आणि तो वजनदार आहे. 'ही परदेशी झाडे हवीतच कशाला? त्यापेक्षा मैदानाच्या कडेला कडुनिंब नि करंज लावा.' लावूच सर, पण पहिल्या मजल्यावरच्या अंधाऱ्या व्हरांड्यात करंज कसा लावणार? त्यांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मात्र मी उचलली आहे. मनीप्लांट कुंडीबाहेर पडला की आवरत नाही. श्रीलंका, हवाई, फ्लोरिडा इथल्या रानांत त्याने उच्छाद मांडला आहे. म्हणून छाटलेले वेल वसतिगृहामागच्या ओढ्यात फेकू नयेत.

फेकायचे तरी कशाला? मनीप्लांटच्या तुकड्याला एक पेर असले की तो पाण्यात रुजतो. नुसते पान ठेवले तर ते महिनोन्महिने हिरवे राहील, पण त्यातून वेल फुटणार नाही. क्रोटनच्या वीतभर फांद्या पावसाळ्यात लाल माती, वाळू आणि शेणखताच्या मिश्रणात लावाव्यात. उंच गेलेल्या रबर प्लांटला गुटी कलम करावे: खोडाची इंचभर साल वर्तुळाकार काढायची, तिथे ओले शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळायचे, आणि दीड-दोन महिन्यांनी मुळे दिसली की खालून कापून नव्या कुंडीत लावायचे. खाली राहिलेले खोडही पुन्हा फुटते. एकाची दोन झाडे. मनीप्लांट चोरून आणला तरच पैसा येतो, अशी समजूत असणाऱ्यांसाठी चार तुकडे व्हरांड्यात उघड्यावर ठेवावेत, म्हणजे त्यांचीही सोय होते.

यंदा प्राचार्यांकडे आम्ही काही जणांनी एक अर्ज दिला आहे. त्यात एवढेच मागितले आहे, की समारंभासाठी नवी झाडे विकत घेणे दोन वर्षे थांबवावे. असलेल्या कुंड्या वर्गावर्गांना वाटून द्याव्यात. आणि जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींना एक सकाळ छाटणीसाठी द्यावी. मेचा प्रश्न राहतो. त्यासाठी सगळ्या कुंड्या ग्रंथालयाच्या उत्तरेकडच्या भिंतीशी एकत्र दाटीने ठेवायच्या, मातीवर पालापाचोळा पसरायचा आणि गावातच राहणाऱ्या सहा जणांनी पाळीपाळीने यायचे, असे ठरले आहे. नावेही ठरली आहेत. सुट्टीत मागच्या नळाची किल्ली कोणाकडे असते, एवढे कार्यालयाने एप्रिलमध्येच सांगून ठेवावे.