दामाजींचे कोठार आणि साहेबांचे पत्र



गेल्या माघात आमच्या गावच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी जे घडले, ते आधी सांगतो. त्यात मीही होतो. दुसऱ्याला बोल लावण्याआधी आपले माप आपल्या पदरात घेतलेले बरे.

आमच्या दिंडीत एक जुने टाळकरी आहेत. तीन एकर कोरडवाहू, गळ्यात माळ, चाळीस वर्षांची वारी. पौषात त्यांच्या छातीत कळ आली. मुलाने जीपमध्ये घालून शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. रुग्णालय विश्वस्त संस्थेचे, म्हणजे धर्मादाय. खिडकीवर दीड लाख रुपये अनामत मागितली. मुलगा तिथूनच बैलजोडीच्या सौद्याचे फोन करू लागला. तेवढ्यात गावातल्या कोणीतरी साहेबांच्या कार्यालयातून पत्र मिळवले. पत्र पोचताच खाट मिळाली, शस्त्रक्रिया झाली, बिल जवळजवळ माफ झाले. माणूस वाचला, ही पांडुरंगाची कृपा.

काल्याच्या कीर्तनाला साहेब आले. मंडपाच्या दारात त्यांचा फ्लेक्स होता. त्यावर विठोबा एका कोपऱ्यात आणि साहेब मधोमध. आमचे टाळकरी काठी टेकत उठले, साहेबांपुढे हात जोडले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "पांडुरंगानंतर तुम्हीच." सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. माझ्या गळ्यात वीणा होती. ती शेजारच्याच्या गळ्यात घालून मी टाळ्या वाजवल्या.

पुढे महिनाभराने दुसऱ्या एका रुग्णाबरोबर त्याच रुग्णालयात जाण्याचा योग आला. तिथे जिन्याखाली, पाण्याच्या यंत्राच्या आडोशाला, एक फलक दिसला. वाचायला मान वाकडी करावी लागत होती. त्यावर लिहिलेले वाचले आणि माघातल्या त्या टाळ्या माझ्या कानात वाजू लागल्या. आमच्या टाळकऱ्यांना जे पत्राने मिळाले, ते पत्राशिवाय मिळायला हवे होते. कायद्यानेच ते त्यांचे होते.

हा कायदा आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा १९५० चा कायदा आहे. त्यातल्या '४१ कक' या कलमाप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांवर गरिबांच्या उपचाराची जबाबदारी आहे. ती नुसती कागदावर राहते म्हणून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००६ साली न्यायालयाने योजनाच घालून दिली. शंभरातल्या १० खाटा निर्धनांसाठी मोफत. आणखी १० खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. बाकीच्या रुग्णांच्या बिलांतून २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची आणि ती गरिबांच्या उपचारावर खर्च करायची. निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नाही. जिवावरचा प्रसंग असेल तर आधी दाखल करून घ्यायचे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत जीव वाचवणारे उपचार द्यायचे. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेखालचे रेशनकार्ड. दाद मागायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात.

यात कुठे साहेबांचे पत्र आहे का, माउली? मी तो फलक दोनदा वाचला. नाही.

आता दामाजीपंत आठवा. मंगळवेढ्याच्या कोठाराची ही कथा महिपतींनी भक्तविजयात सांगितली आहे आणि आपण ती कीर्तनातून शंभर वेळा ऐकली आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळात दामाजींनी कोठार उघडले. पण कोठार कोणाचे होते, याकडे आपले लक्ष जात नाही. ते दामाजींच्या बापजाद्यांचे नव्हते. ते बेदरच्या बादशहाचे, आणि त्यातले धान्य रयतेच्याच शेतातून आलेले. दामाजी किल्लीचे राखणदार. राखणदाराने किल्ली फिरवली आणि त्यापायी स्वतःची मान सुळावर ठेवली. "माझ्यामुळे जेवलात, लक्षात ठेवा," असे त्यांनी एकाही भुकेल्याला म्हटल्याचे कोणत्याही पोथीत नाही.

आणि पांडुरंगाने काय केले? विठू महाराचे रूप घेऊन तो बेदरला गेला, धान्याचे मोल खजिन्यात भरले आणि पावती घेतली. ही पावती मला फार महत्त्वाची वाटते. देवाने पैसे भरले ते खजिन्यात, आणि हिशेब चुकता केला तो राजाचा. खाणाऱ्यांकडून त्याने काहीच वसूल केले नाही. मंगळवेढ्यात त्या दिवशी जे जेवले, ते कोणाचेही मिंधे झाले नाहीत.

आजचे कोठार आपल्या करांचे आणि धर्मादाय सवलतींचे आहे. किल्लीवाला ते पत्रापत्राने उघडतो आणि प्रत्येक पत्रामागे एक घर मिंधे होते. तुकोबांनी कर्जखतातला आपला वाटा इंद्रायणीत बुडवला, तो गावातल्या गरिबांच्या मानेवरचे ओझे उतरावे म्हणून. आपण त्याच संप्रदायातली माणसे भरमंडपात नवी खते लिहून देतो आहोत, आणि त्यांवर साक्षीदार म्हणून आपले टाळ वाजताहेत.

मला माहीत आहे, यावर तीन बाजूंनी उत्तरे येतील. तिन्ही मी मंडपातच ऐकली आहेत.

पहिले उत्तर विश्वस्त मंडळींचे. तेही धार्मिक असतात, आषाढीला अन्नदान करतात. ते म्हणतात, दान मनातून यावे. कायद्याने करायला लावलेला तो कसला धर्म? ऐकायला हे गोड आहे आणि निम्मे खरेही आहे. सक्तीच्या दानाचे पुण्य लागत नसेल, तर न लागो. पण या २ टक्क्यांत विश्वस्तांच्या खिशातले काय आहे? ते शेजारच्या खाटेवरच्या बिल भरणाऱ्या रुग्णाकडून आलेले. धर्मादाय म्हणून संस्थेला करात सूट मिळते. काहींना जमीनही नाममात्र दराने मिळालेली असते. ती सूट समाजाने दिली, तीच गरिबाच्या उपचाराच्या रूपाने परत मागितली जाते. घेताना धर्मादाय आणि देताना सक्ती, असे कसे चालेल? एक मात्र न्यायाने सांगितले पाहिजे: काही रुग्णालये हे काम निष्ठेने करतात, आणि गर्दी वाढली की त्यांचा निधी खरोखर आटतो. त्यांचे गाऱ्हाणे सरकारने ऐकावे. जिन्याखाली फलक लावणाऱ्यांनी मात्र त्यांच्या आड लपू नये.

दुसरे उत्तर आपल्याच व्यासपीठावरून येते आणि ते मला जास्त टोचते. "भोग आहे, भोगूनच संपवायचा." एका कीर्तनकारांनी आजारी माणसाच्या घरच्यांपुढे हे सांगितले, तेव्हा मी समोर बसलो होतो. नाथमहाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली. त्या गाढवाचे प्रारब्ध त्यांनी विचारले होते का? प्रारब्धाचा विचार संतांनी स्वतःच्या दुःखापुरता केला. दुसऱ्याचे दुःख दिसले की ते कावड खाली उतरवत. आपण नेमके उलटे शिकलो: आपल्या मुलाला ताप आला की डॉक्टर, शेजाऱ्याच्या मुलाला आला की प्रारब्ध.

तिसरे उत्तर सगळ्यांत सोपे, म्हणून सगळ्यांच्या तोंडी: वारकऱ्याने राजकारणात पडू नये.

माउली, आपण पडलेलोच आहोत, फक्त कोणत्या अंगावर ते पाहा. २०२४ च्या आषाढीला सरकारने दिंडीमागे २० हजार रुपये जाहीर केले. आमच्या दिंडीत दोन रात्री त्यावरच चर्चा झाली, आणि तिला राजकारण कोणी म्हटले नाही. २०२३ पासून वारीच्या ३० दिवसांसाठी वारकऱ्यांचा विमा निघाला. मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख, औषधोपचाराला ३५ हजारांपर्यंत. त्याचेही फलक आपण वाचले आणि समाधान पावलो. वाटेवर आरोग्य शिबिरे असतात. तिथली कोवळी डॉक्टर मुले म्हाताऱ्यांच्या पायांचे फोड पुसतात, तेव्हा माझेही डोळे भरतात. त्या मुलांविषयी माझ्या मनात काडीचाही राग नाही. पण वर्षाचे उरलेले ३३५ दिवस आपण कुठे असतो? आपापल्या गावात. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, सर्पदंशाची लस आहे का, रात्री बाळंतीण आली तर दार उघडते का, हे विचारायला गेले की मग ते राजकारण ठरते! फ्लेक्सखाली बसणे म्हणजे भक्ती आणि ग्रामसभेत प्रश्न विचारणे म्हणजे राजकारण, ही वाटणी कोणी केली? ज्यांचे फोटो फ्लेक्सवर आहेत, त्यांच्या सोयीची ती आहे खरी.

आरोग्याच्या बाबतीत आपली सदसद्विवेकबुद्धी जागी होत नाही, असेही नाही. २०२० आणि २०२१ साली माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि आपण घरी बसून हरिपाठ म्हटला. त्या वर्षी पाय घरात आणि जीव वाटेवर होता. आपल्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये एवढ्यासाठी ते सोसले. तेव्हा कोणा साहेबाने पत्र दिले नव्हते.

गाडगेबाबा बघा. डोक्यावर गाडगे, हातात खराटा, आणि सत्तेतली माणसे त्यांच्या कीर्तनाला येऊन बसत. त्या ओळखीचे बाबांनी काय केले? पंढरपुरात, आळंदीत, नाशकात धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, रुग्णाबरोबर आलेल्या खेड्यातल्या माणसांना पाठ टेकायला, धर्मशाळा झाली. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना आसरा देते. तिथे खाट मागायला गेलेल्याला कोणाच्या पक्षाचे पत्र आणलेस, असे कोणी विचारत नाही. आजाऱ्याला औषध हे बाबांच्या धर्माच्या व्याख्येतच होते. देवळातल्या नैवेद्याबद्दल ते काय बोलत, ते इथे छापले तर निम्मे वर्गणीदार रागावतील, म्हणून सोडतो.

२०२५ च्या एप्रिलात पुण्यातल्या एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेवरून सगळा महाराष्ट्र पेटला होता. मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, सगळ्या पक्षांचे लोक रुग्णालयाच्या दारात उभे राहिले. पण २००६ पासूनची योजना गावागावात सांगायची कोणी? लाख-लाख माणसे ज्याचे ऐकतात तो कीर्तनकार, दर एकादशीला एकत्र बसणारे भजनी मंडळ, सात दिवस अख्खे गाव ज्याच्याभोवती जमते तो सप्ताह, एवढी मोठी सभा या राज्यात दुसऱ्या कोणाकडे आहे? रोज हरिपाठानंतर पाच मिनिटे पुरतात. दाखला कोणता, कलम कोणते, रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक कुठे बसतो, महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र कोणत्या टेबलाशी भेटतो. एवढे माहीत असते, तर आमच्या टाळकऱ्यांच्या मुलाने बैलांचा सौदा काढला नसता.

हे सगळे मी त्या टाळकऱ्यांना सांगायला गेलो, तेव्हा ते माझ्यावरच रागावले. "माझा जीव वाचवला त्या माणसाने. तुम्ही मला बेइमान करायला निघालात का?" मी म्हटले, साहेबांना धन्यवाद द्या, माणुसकी आहे ती, पण मंडपात द्यायला नको होते. ते म्हणाले, "आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या, त्या कशाच्या?" यावर मला बोलता आले नाही. त्यांच्या घरच्यांनी चहा आणला, तो पिऊन मी उठलो.

येत्या सप्ताहाची बैठक कार्तिकी झाल्यावर आहे. मंडपाच्या दारात कोणाही पुढाऱ्याचा फ्लेक्स नको आणि त्याच जागी रुग्णालयातला तो फलक मोठ्या अक्षरांत लिहून लावावा, असा विषय मी मांडणार आहे. मंडपाचा खर्च मग कोण देणार, हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला येईल. मागच्या बैठकीत तो मीच विचारला होता.