आधी जमा, मग नावे

संगणकाच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की ओळखीचा कोणीही जाणकार एकच उपाय सांगतो : फाइली उचला आणि डी मध्ये टाका. हा सल्ला इतका सर्वमान्य झाला आहे, की त्याच्या योग्यायोग्यतेचा विचार करण्याची गरज कोणाला भासत नाही. माझ्या मते हा सल्ला अर्धाच खरा आहे. जागा मोकळी होते, हे निर्विवाद. परंतु ज्या वस्तू हलविल्या त्या सुरक्षित झाल्या, हा जो समज त्यासोबत आपोआप रुजतो तो निराधार आहे आणि त्याची किंमत पुढे कधीतरी मोजावी लागते.

प्रथम सी आणि डी यांचे नाते समजून घेणे इष्ट ठरेल. पूर्वी ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली असत. हार्ड डिस्क आली तेव्हा तिच्या वाट्याला सी हे अक्षर आले. आयबीएमच्या १९८३ मधील पीसी एक्सटी या संगणकात अवघ्या १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज फ्लॉपी दिसत नाही. पण सी मात्र आपल्या जागी कायम आहे. पुढे डिस्क मोठ्या झाल्या आणि एकाच डिस्कचे भाग पाडून त्यांना सी, डी, ई अशी नावे देण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे वाडा एकच, मध्ये भिंत घालून केलेली बिऱ्हाडे दोन. अशा वाड्याला आग लागली तर भिंत कोणाला वाचवीत नाही. डिस्क निकामी झाली की सी बरोबर डी देखील जातो. काही नव्या संगणकांत मात्र सी साठी वेगवान एसएसडी आणि डी साठी निराळी मोठी हार्ड डिस्क बसविलेली असते. आपल्याकडे यांपैकी काय आहे, हे विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' मध्ये दोन मिनिटांत कळते. तेथे 'डिस्क ०' ही एकच ओळ असेल आणि तिच्यातच सी व डी दोन्ही दिसत असतील, तर डी म्हणजे निराळी तिजोरी नव्हे, हे लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष हलविण्याविषयी. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात नेली तर ती क्षणात जाते. त्यात आश्चर्य काही नाही. फाइल जेथल्या तेथेच असते, केवळ नोंदवहीतील तिचा पत्ता बदलतो. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नेताना मात्र संपूर्ण मजकूर नव्याने लिहिला जातो आणि त्यानंतर मूळ प्रत पुसली जाते. या दोहोंमधला काळ धोक्याचा असतो. मध्येच वीज गेली, तार सैल झाली किंवा पेन ड्राइव्ह ओढून काढला, तर काही फाइली इकडे, काही तिकडे आणि एखादी अर्धवट, अशी अवस्था होते. आणखी एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. विंडोजमध्ये माऊसने ओढून फाइल त्याच ड्राइव्हवर टाकली तर ती हलते. निराळ्या ड्राइव्हवर टाकली तर तिची नक्कल होते. त्यामुळे अनेकजण तासभर खपून डी भरतात आणि सी मात्र तसाच लाल राहतो. पुढे त्या दोन प्रतींपैकी एकीत दुरुस्त्या होतात, दुसरी जुनी राहते आणि खरी कोणती याचा घोळ वर्षभराने निस्तरावा लागतो.

येथे बँकेच्या हिशेबपद्धतीतून घेण्याजोगे बरेच आहे, असे मला वाटते. वर्गाचे व्यवहार करताना आपण आधी एका खात्याला नावे टाकतो व मग दुसऱ्या खात्यात जमा करतो. आमचे सेवाज्येष्ठ सहकारी या लेखाच्या शीर्षकावर त्यामुळेच हरकत घेतील. पण रक्कम ही अखेर नोंद असते. व्हाउचर हाती असले की चुकलेली नोंद पुन्हा घालता येते. फाइलीचे तसे नाही. तिचे व्हाउचरही तीच आणि रोकडही तीच. म्हणून तिच्या बाबतीत क्रम उलटा हवा : आधी दुसरीकडे जमा, मग ताळमेळ, आणि सर्वांत शेवटी मूळ ठिकाणी नावे. कट-पेस्ट करू नये, कॉपी करावी. दोन्ही फोल्डरांच्या 'प्रॉपर्टीज' मध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतात का ते पाहावे. त्यानंतर नव्या जागेतील चार-सहा फाइली, विशेषतः सर्वांत मोठी आणि सर्वांत शेवटची, उघडून पाहाव्यात. मगच मूळ पुसावे. पुसलेले काही दिवस रिसायकल बिनमध्ये राहू द्यावे. मात्र बिन रिकामे होईपर्यंत जागा मोकळी होत नाही, हेही विसरू नये. ते आपले सस्पेन्स खाते समजावे. तेथे रक्कम फार काळ पडून राहणे बरे नव्हे, पण ते खाते असते म्हणूनच चूक सापडण्यास वाव मिळतो.

हलवायचे काय, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. 'प्रोग्रॅम फाइल्स' किंवा 'विंडोज' या फोल्डरांना हात लावू नये, हे सांगणे नलगे. तात्पुरत्या फाइली, जुन्या विंडोजचे अवशेष आणि 'डाउनलोड्स' मधील अडगळ विंडोजच्या 'स्टोअरेज' विभागातून काढता येते. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. तरीही भागले नाही तर चित्रफिती हलवाव्यात. मोबाइलवर घेतलेली काही मिनिटांची एक चित्रफीत शेकडो मेगाबाइट खाते. बँकेचे वर्षभराचे खातेउतारे, विवरणपत्रे, कर्जफेडीचा दाखला आणि विमापत्रे मिळून तिच्या पासंगालाही पुरत नाहीत. असे असताना जागा करण्यासाठी नेमकी कागदपत्रांचीच फोल्डरे उचलली जातात, कारण त्यांची नावे कंटाळवाणी असतात आणि लग्नाची चित्रफीत डोळ्यांसमोर हवी असते! माझे स्पष्ट मत असे, की जागेच्या नावाखाली कागदपत्रांना कधीच स्थलांतरित करू नये. ती असतील तेथे असू द्यावीत आणि त्यांची एक जास्तीची प्रत अन्यत्र ठेवावी.

व्यापारी ग्राहकांना हे अधिक आग्रहाने सांगावेसे वाटते. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्यात ही मुदत आठ आर्थिक वर्षांची आहे. या काळात दुकानाचा संगणक एकदा तरी बदलतोच. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी मागील वर्षांचे हिशेब मागितले असता, "ते पेन ड्राइव्हवर टाकले होते, आता तो उघडतच नाही," असे उत्तर देणारे ग्राहक माझ्या पाहण्यात आहेत. माणूस प्रामाणिक, धंदा चोख. परंतु सिद्ध करण्यास हाती काही नाही. पेन ड्राइव्ह ही ने-आण करण्याची पिशवी आहे, कोठार नव्हे. बाहेरून जोडण्याची हार्ड डिस्क त्यामानाने बरी. तरी तीही एकदा हातून पडली की संपली, आणि संगणकाच्याच टेबलाच्या खणात ठेवली तर चोर दोन्ही एकदमच नेतो. ती भावाच्या घरी अथवा लॉकरमध्ये ठेवावी. इंटरनेटवरील साठवणीचा मार्ग सोयीचा आहे. मात्र जेथे दोन्हीकडील फोल्डर परस्परांशी जुळते ठेवले जाते तेथे इकडे पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. मोबाइलमधील जागा करण्यासाठी छायाचित्रे काढून टाकणाऱ्यांना हे बहुधा उशिरा समजते.

सहकाऱ्यांसाठी एक वाक्य : हे सारे घरच्या संगणकापुरते. शाखेतील संगणक कितीही भरला तरी ग्राहकांची माहिती स्वतःच्या पेन ड्राइव्हवर हलविणे हा उपाय नव्हे. त्यासाठी संगणक विभागाकडेच जावे.

आणखी एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. फाइली हलविणाऱ्याला त्या कोठे आहेत हे ठाऊक असते. घरातील इतरांना नसते. खातेदाराच्या निधनानंतर दाव्यासाठी येणाऱ्या कुटुंबीयांना ठेवी कोणत्या शाखेत, विमा कोणत्या कंपनीचा, हेच अनेकदा माहीत नसते. सर्व काही संगणकात आहे, एवढेच ते सांगू शकतात. पण कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या डिस्कवर आणि कोणत्या सांकेतिक शब्दामागे, ते सांगणारा गेलेला असतो. यासाठी वहीचे एक पान पुरते. कोणत्या डिस्कवर काय आहे, ते कधी हलविले, दुसरी प्रत कोठे आहे, एवढे तारखेसह लिहावे. सांकेतिक शब्द मात्र त्या पानावर लिहू नये. तो घरातील एका विश्वासू व्यक्तीला ठाऊक असावा. पान पासबुकाजवळ ठेवावे आणि फाइली पुन्हा हलविल्या की जुनी ओळ खोडून त्याखाली नवी लिहावी.