लेकीला कुस्ती खेळू द्या



वर्षावासात विहारात ग्रंथवाचन आटोपले की आम्ही बायका थोडा वेळ बोलत बसतो. अशाच एका संध्याकाळी एका मायने विषय काढला. तिची सातवीतली पोर कुस्ती खेळायचे म्हणते. "बाई, पोरीचा कान सुजला, नाक मोडलं, तर उद्या तिला करील कोण?" कोणी हसले, कोणी मान डोलावली. मीही गप्प बसले. घरी आल्यावर मात्र ते गप्प बसणे मनाला डाचू लागले. म्हणून उत्तर आज येथे देत आहे.

आखाडा आपल्याकडे पुरुषांचाच मानला गेला. तिथे बाईचे पाऊल पडू नये, अशी समजूत कित्येक तालमींत होती. महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली. महिलांची महाराष्ट्र केसरी व्हायला २०२३ साल उजाडले. सांगलीच्या त्या पहिल्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी जिंकली. म्हणजे लेकींना ६२ वर्षे वाट पाहावी लागली! २०२५ साली ही स्पर्धा आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, देवळीला झाली. तिथे भाग्यश्री फंड हिने किताब मिळविला.

ऑलिंपिकमध्येही महिलांची कुस्ती २००४ साली आली. २०१६ साली साक्षी मलिकने तिथे कांस्यपदक जिंकले. अमेरिकेतसुद्धा मुलींना शाळेत मुलांशीच लढावे लागे. हवाई राज्याने १९९८ साली मुलींची स्वतंत्र शालेय स्पर्धा सुरू केली. २०२३-२४ मध्ये तिथल्या शाळांत कुस्ती खेळणाऱ्या मुली ६४ हजारांवर गेल्या. दार उघडले की लेकी आत येतात, हेच यावरून दिसते.

आता त्या मायच्या भीतीबद्दल. स्पर्धेतली कुस्ती गादीवर, वजनाच्या गटाप्रमाणे आणि पंचांसमोर होते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. दुखापत होते, नाही असे नाही. पण सरावात कानाला संरक्षक पट्टा बांधता येतो, आणि सुजलेला कान लगेच डॉक्टरांना दाखविला तर तो वेडावाकडा होण्याचे बहुधा टळते.

खरी काळजी दुसरीच आहे. २०२३ साली साक्षी मलिक, विनेश फोगाट यांच्यासारख्या नामवंत खेळाडूंना दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरावे लागले. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप होते. म्हणून पोरीला पाठविण्याआधी स्वतः जाऊन पाहा. शिकवायला बाई आहेत का? कपडे बदलायला वेगळी खोली आहे का? बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींसोबत कोण जाते? तक्रार कोणाकडे करायची? हे विचारायला लाजू नका. आणि घरी दूध, अंडी, डाळ भावाच्या ताटात जेवढी, तेवढीच तिच्याही ताटात वाढा.

१९४२ च्या जुलैत आपल्या याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली होती. समाजाची प्रगती मी त्यातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे जमलेल्या हजारो बायकांना सांगितले. त्या बायकांच्या नाती-पणती आज शाळेत आहेत. त्यांच्यातली एखादी कुस्ती खेळते म्हणाली, तर "तुला करील कोण" हा प्रश्न पुढे करून तिची वाट अडवू नका. तिच्याबरोबर सरावाला जा, कडेला बसा आणि पाहा. येत्या रविवारी त्या मायसोबत मीही जाणार आहे.

जयभीम!