बोलावणं की काम?

गेल्या माघातली गोष्ट. दुपारची वामकुक्षी आटोपून मी चहाचे आधण ठेवीत होते, तोच दाराशी हाक आली, "बाई, हायेत का घरात?" शाळा सोडून मला बारा वर्षे झाली, तरी उस्मानपुऱ्यात निम्म्या लोकांची मी अजून बाईच आहे. दारात शेजारच्या बिऱ्हाडातल्या मावशी उभ्या होत्या. मावशी म्हणजे त्या घरातले लेकरू सांभाळणाऱ्या. वडील वाळूजच्या कारखान्यात, आई बँकेत. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत ते पोर मावशींच्या कडेवर. मावशी मुकुंदवाडीहून येतात, रिक्षा बदलून.

त्यांच्या हातात सोनेरी काठाची जाडजूड पत्रिका होती. बाळाचा पहिला वाढदिवस, बीड बायपासवरच्या एका लॉनवर. पाकिटावर वळणदार अक्षरात लिहिले होते : 'आदरणीय मावशी, सहकुटुंब'.

मी म्हटले, "वा! वाचून दाखवू का?"

"वाचता येतं मला, बाई. वाचलं म्या. एवढंच इचारायला आले, की हे बोलावणं हाय का काम हाय?"

मी मोठ्या ऐटीत सांगून टाकले, "अहो, पत्रिका दिली म्हणजे बोलावणंच की!" मावशींनी माझ्याकडे पाहिले ते थेट वर्गातल्या हुशार मुलीसारखे. फळ्यावरचे गणित चुकले आहे हे तिला दिसते, पण बाईंना सांगायचे कसे, हा तिला प्रश्न असतो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मंग लेकरू कोण घेणार?"

वाचक भगिनींनो, या पानातून मी आजवर पुष्कळ शहाणपण सांगितले आहे. विहिणीचा मान, अहेराची परतफेड, पंगतीतला आग्रह, सगळे झाले. पण या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी दुसरा कप मांडला आणि म्हटले, "बसा. काय काय अडतंय ते सांगा."

अडत होते ते पुष्कळच. पत्रिकेवर छापले होते, 'आपली उपस्थिती हाच आहेर'. पण ते कोणी मनावर घेत नाही, हे मावशींना ठाऊक होते. मग पाकीट न्यायचे का? त्यात शंभर घातले तर लाज, पाचशे घातले तर महिनाअखेर. साडी कोणती नेसायची? ठेवणीतली नेसावी तर बाळ खांद्यावर दूध ओकते. रोजची नेसावी तर, "चार माणसांत वहिनींची मान खाली." जेवायचे कधी, कुठे? रात्री अकराला मुकुंदवाडी गाठायची कशी? आणि एखाद्या पाहुणीने बाजूला घेऊन विचारले, "इथं किती देतात हो? आमच्याकडे याल का?" तर काय बोलायचे? (हा प्रश्न काल्पनिक नाही. दुसऱ्याच्या घरची चांगली बाई पळवण्यासाठी वाढदिवसासारखा मुहूर्त नाही, असे मानणाऱ्या सुशिक्षित स्त्रिया मी पाहिल्या आहेत.)

हे सगळे सांगून झाल्यावर मावशी थोडा वेळ बशीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आन् खरं सांगू का बाई? गर्दीत लेकरू भेदरणार. भेदरलं की ते माझ्याकडं झेप घेतंय. वहिनींच्या कडेवरून माझ्याकडं. घरात ठीक हाय. पण समद्यांसमोर? वहिनींना काय वाटंल? म्हणून म्हटलं, खांबाच्या आड थांबावं."

मला पुढे काही बोलवेना. कारण त्याच क्षणी मला आमच्या आक्का आठवल्या.

१९८९ सालची गोष्ट. माझ्या मुलाची मुंज होती. मी शाळेत जायची म्हणून तो चार महिन्यांचा असल्यापासून आक्का त्याला सांभाळत. आठ वर्षे त्याला दुपारचा घास त्यांनी भरवला. मुंजीत मातृभोजन असते, हे आपण जाणताच. आई आणि बटू एका ताटात जेवतात. मी शालू नेसून पाटावर बसले, फोटोवाला पुढे सरसावला, आणि चिरंजीव विचारतात, "आक्का कुठंय?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. आक्का तेव्हा कार्यालयाच्या मागच्या खोलीत माझ्या बहिणीचे तान्हे मूल झोपवीत होत्या. त्यांचे पान वाढले गेले तिसऱ्या पंगतीनंतर, मागच्या ओसरीवर, खरकट्या भांड्यांशेजारी. मी ते जाता जाता पाहिले. कोणीतरी म्हणालेही, "अहो, त्यांना आत बसवा ना!" त्यावर मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवते : "आक्का घरच्याच आहेत हो, त्यांना काय आग्रह करायचा?"

दुसऱ्या दिवशी आक्का वेळेवर आल्या. तोंडातून एक शब्द नाही. मात्र त्या दिवसापासून त्या माझ्या मुलाला 'तुम्ही' म्हणू लागल्या. "दादा, तुम्ही जेवून घ्या." पोराला वाटले, जानवे घातल्यामुळे आपण मोठे झालो. मला ठाऊक होते की कारण ते नाही. पुढे दोन वर्षे त्या आमच्याकडे होत्या. मी कधी विचारले नाही, त्यांनी कधी सांगितले नाही.

'घरच्याच' हा मोठा सोयीचा शब्द आहे. पाहुण्याला खुर्ची द्यावी लागते आणि कामाला आलेल्याला मजुरी. 'घरच्या' माणसाला यांतले काहीच द्यावे लागत नाही! 'मावशी', 'आक्का', 'ताई' ही नावेही आपण अशीच वाटतो. सख्ख्या मावशीला मात्र आपण भांड्यांशेजारी पान मांडत नाही. 'आया' हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आलेला. साहेब लोक आपल्या मुलांसाठी आयांना बोटीने विलायतेपर्यंत नेत आणि तिथे पोचल्यावर काहींना परतीच्या भाड्याशिवाय तशाच सोडून देत. अशा निराधार आयांना आसरा देणारे एक घर लंडनच्या हॅकनी भागात होते. २०२२ साली त्या वास्तूवर स्मृतिफलक लागला.

ज्यांच्या नावाने आता आपले शहर ओळखले जाते, ते संभाजी महाराज तरी कोणाच्या दुधावर वाढले? त्यांचा जन्म १६५७ सालचा, पुरंदरावरचा. सईबाईसाहेबांची प्रकृती बरी नव्हती, म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी त्यांना दूध पाजले. दोनच वर्षांत सईबाई गेल्या. आणि योगायोग पाहा : त्याच १६५७ साली या आपल्या गावात दिलरसबानू बेगम बाळंत झाली आणि महिन्याभरात वारली. तिच्यासाठी उभा राहिलेला मकबरा आपण पाहुण्यांना हटकून दाखवतो. तिचे ते तान्हे मूल, शाहजादा अकबर, मोठेपणी बापाविरुद्ध उठले आणि १६८१ साली आश्रयाला गेले ते संभाजी महाराजांकडेच. आईविना वाढलेली ती दोन मुले समोरासमोर बसली असतील, तेव्हा एखादा शब्द आपापल्या दाईबद्दल निघाला असेल का, असे माझ्या मनात येते. इतिहासकारांनी हसावे खुशाल. धाराऊंचे नाव निदान टिकले. शाहजाद्याला पाजणारीचे नाव आमच्या गावात मी तरी कोणाच्या तोंडी ऐकले नाही.

असो. कायदा काय म्हणतो, असे कोणी विचारील. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, पगाराबरोबर रजेचीही मागणी पुढे आली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. हे सारे हवेच. पण बीड बायपासच्या लॉनवर मावशींनी कोणत्या खुर्चीवर बसायचे, हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडायचे नाही. २०१७ च्या जूनमध्ये दिल्ली गोल्फ क्लबात एक मेघालयातली बाई आपल्या मालकिणीबरोबर रीतसर पाहुणी म्हणून जेवायला गेली. ती मुले सांभाळण्याचे काम करणारी होती, अंगावर तिच्या खासी समाजाचा पारंपरिक पोशाख होता. तिला टेबलावरून उठून जायला सांगितले गेले. म्हणे, मोलकरणीसारखी दिसते! तिच्याजवळही बोलावणे होतेच की. म्हणजे नुसत्या बोलावण्याने भागत नाही.

म्हणून मी मावशींना म्हटले, "तुम्ही खांबाआड थांबू नका. आजच्या आज वहिनींना विचारा." त्या संकोचल्या. शेवटी मीच संध्याकाळी शेजारी गेले. ती मुलगी गुणी आहे, पण तिचे पहिले वाक्य ऐकून माझ्या पोटात कालवले. "काकू, असं काय विचारता? मावशी आमच्या घरच्याच आहेत!"

मग मी तिला आक्कांची गोष्ट सांगितली. आजवर कोणालाच सांगितली नव्हती.

त्या रात्री आम्ही दोघींनी बसून जे ठरवले ते असे. औक्षण होईपर्यंत मावशी कामावर. त्या वेळेचे पैसे पगाराव्यतिरिक्त, आणि ते दुसऱ्या दिवशी पाकिटात, चार लोकांत हातावर नव्हेत. औक्षण झाले की बाळ मामाच्या ताब्यात आणि मावशी पाहुण्या. रिक्षाचे आधीच सांगून ठेवायचे. साडी वहिनींनी घेऊन द्यावी की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हटले, नको. बाकीच्या पाहुण्यांना तू साड्या वाटतेस का? खांद्यावर टाकायला एक धुतलेले दुपटे दे, म्हणजे त्या आपली ठेवणीतली बिनघोर नेसतील. अहेराचा प्रश्न मावशींनी परस्परच सोडवला होता. आपल्या जुन्या लुगड्यांची एक चिमुकली वाकळ त्या दोन महिने शिवीत होत्या.

इतके ठरवूनही समारंभात जे व्हायचे ते झालेच. फुगे फुटले, बाळाने टाहो फोडला आणि मावशींकडे झेप घेतली. शे-दीडशे माणसे बघत होती. मावशी पुढे आल्या, पण त्यांनी बाळाला घेतले नाही. आईच्या अगदी खांद्याशी उभ्या राहून त्यांनी त्याच्या पाठीवर नेहमीसारखे थोपटायला सुरुवात केली. पोर आईच्याच कडेवर शांत झाले. असे कसब मी तरी कोणत्या शिक्षणशास्त्रात वाचले नाही.

औक्षणाच्या वेळी परभणीहून आलेल्या आजीबाईंनी तबक मावशींपुढे धरले. मावशी विधवा आहेत. त्या दोन पावले मागे सरकल्या आणि "हात खराब हायेत" म्हणून तिथून निघूनच गेल्या. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांवरच्या रूढी बंद करण्याचा ठराव केला, सरकारनेही तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. आजीबाईंचे मन तर त्या ठरावाइतकेच मोकळे. पण आयत्या वेळी, शंभर डोळ्यांसमोर दिलेला मानही माणसाला परीक्षेसारखा वाटतो. हे आधी घरात विचारायचे राहून गेले होते. चूक आमचीच.

दुसरी चूक याहून मोठी. मावशी ताट घेऊन माझ्याशेजारी बसल्या, तोच वाढपी पोरगा आला. "मावशी, ड्रायव्हर आणि बायांचं जेवण मागच्या बाजूला हाय." मावशी लगेच उठल्या. यजमानीण धावत आली आणि त्या पोराला अशी काही झापली, की आसपासच्या चार टेबलांनी माना वळवल्या. मावशींचे तोंड लाल झाले. त्या पोराचा काय दोष हो? त्याला जे सांगितले होते ते त्याने केले. घरात आमचे सारे ठरले होते, पण जेवणाच्या कंत्राटदाराला कोणी सांगितलेच नव्हते. आणि मागच्या बाजूला बसलेल्या ड्रायव्हरांचे काय, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. तो घरी परतताना आला. मी मावशींना हाताला धरून बसवले. त्या बसल्या. आमच्या टेबलावरच्या एका बाईंनी वातावरण हलके करायला म्हणून विचारले, "काय हो, नवराबायकोचं जमतं ना त्या घरात?" मावशी चटकन म्हणाल्या, "आमच्या सायबाला इचारा," आणि मामाच्या मांडीवर पेंगणाऱ्या बाळाकडे बोट दाखवले. बाळाला अजून बोलता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी नेहमीच्या वेळी आल्या. सकाळी आजीबाईंनी घरातच, देवासमोर, त्यांच्या हाती तबक दिले होते आणि या वेळी त्यांनी ओवाळले होते. हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. पैशांचे पाकीट मिळाले, तेही सांगितले.

मी भीत भीत विचारले, "आणि जेवण कसं होतं, मावशी?"

मावशी ऐसपैस बसल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "काय सांगावं बाई! मसालेभात तळाला लागला व्हता. वांग्यात मीठच नाही. आन् ती इमरती? गुलमंडीची म्हणून सांगत व्हते. गुलमंडीची अशी वातड असती का कधी?"